यकृताचा मूक कडकपणा आणि त्याचे मोजमाप



'काळीज' हा शब्द उच्चारताच मराठी माणसाचा हात छातीच्या डाव्या बाजूला जातो. वास्तविक या शब्दाचा जुना अर्थ यकृत असा आहे, आणि यकृत असते उजवीकडे, बरगड्यांच्या आड. सुमारे दीड किलो वजनाचा हा अवयव अन्नरसाचे रूपांतर करतो, रक्त गोठण्यास लागणारी द्रव्ये तयार करतो, विषारी द्रव्यांचा निचरा करतो, आणि हे सारे करताना कधी तक्रार करत नाही. त्याची ही सहनशीलताच आपल्याला महागात पडते. हृदय धडधडते, पोट दुखते, सांधे कुरकुरतात. यकृत मात्र वर्षानुवर्षे झिजत असताना मूक राहते. ज्या दिवशी ते बोलते, त्या दिवशी पोटात पाणी झालेले असते किंवा रक्ताची उलटी झालेली असते. हे मौन वेळेआधी कसे ओळखावे, हा आजचा विषय आहे.

हाताने केलेले पहिले निदान

यकृत आजारी पडले की कडक होते, हे ज्ञान आपल्याकडे प्राचीन आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील उदररोगाच्या तेराव्या अध्यायात प्लीहा वाढून दगडासारखी कठीण व कासवाच्या पाठीसारखी होते असे वर्णन आहे, आणि उजव्या बाजूस यकृताचेही तसेच होते असे सांगितले आहे. वैद्याची बोटे हेच त्या काळचे यंत्र होते. आजही चांगला डॉक्टर रुग्णाला दीर्घ श्वास घ्यायला सांगून उजव्या बरगडीखाली बोटे ठेवतो, ती याच परंपरेने.

महाराष्ट्राला या कडक यकृताची एक दुःखद ओळख आहे. जुन्या पिढीतील आज्यांना 'बाळाला यकृत झाले' हे शब्द आठवत असतील. एक-दोन वर्षांचे मूल किरकिरे होई, पोट वाढे, बरगडीखाली यकृत कडक लागे आणि बहुधा काही महिन्यांत मूल दगावे. १९८०च्या दशकात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह या रोगाचा पाठपुरावा केला. अशा मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण अतोनात आढळले, आणि त्याचा माग बिनकल्हईच्या पितळी भांड्यांत तापवलेल्या व साठवलेल्या दुधापर्यंत जाऊन पोहोचला. भांडी बदलली आणि हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. या घटनेत दोन धडे आहेत. रोगाचे मूळ स्वयंपाकघरात असू शकते, तसा त्याचा उपायही तेथेच असू शकतो. दुसरा धडा असा की, बोटांना कडकपणा लागेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

व्रण अवयवाच्या आत

हा कडकपणा येतो कोठून? त्वचेवर जखम झाली की ती भरून येते, पण व्रण राहतो. यकृतातही तेच घडते. हिपॅटायटिस 'बी' किंवा 'सी'चा विषाणू, मद्य, अथवा साठलेली चरबी यकृताच्या पेशींना सतत इजा करत राहिली, तर ती भरून काढण्यासाठी शरीर तंतुमय ऊती विणत जाते. यालाच वैद्यकात फायब्रोसिस म्हणतात. त्याच्या पायऱ्या शून्य ते चार अशा मोजल्या जातात. शून्य म्हणजे व्रण नाहीत आणि चार म्हणजे सिरोसिस, ज्यात मऊ यकृताच्या जागी गाठी आणि तंतूंचे जाळे उरते. या पायऱ्या चढायला बहुधा दहा, वीस, तीस वर्षे लागतात. म्हणजे सावध होण्यासाठी निसर्गाने भरपूर अवधी दिलेला आहे. आपल्याला त्या अवधीत पाहता येत नव्हते, एवढीच उणीव होती.

पाहण्याचा एक मार्ग होता, तो सुईचा. १८८३मध्ये जर्मनीत पॉल एर्लिख यांनी सुईने यकृताचा अंश काढला होता, आणि १९५८मध्ये इटलीच्या मेंघिनी यांनी एका सेकंदात तुकडा घेण्याची पद्धत प्रसिद्ध केल्यावर यकृताची बायॉप्सी सर्वत्र रूढ झाली. तिने वैद्यकाला फार मोठे ज्ञान दिले आणि काही गुंतागुंतीच्या आजारांत ती आजही अपरिहार्य आहे. परंतु तिच्या मर्यादाही उघड आहेत. सुईत येणारा तुकडा संपूर्ण यकृताच्या सुमारे पन्नास हजारावा भाग असतो. व्रण सर्वत्र सारखे नसतात, त्यामुळे एका ठिकाणचा तुकडा दुसऱ्या ठिकाणची स्थिती सांगेलच असे नाही. अनेकांना वेदना होतात आणि क्वचित गंभीर रक्तस्राव होतो. बरा वाटणारा माणूस सुईला तयार होत नाही, आणि तयार झाला तरी दर वर्षी तीच चाचणी कोण करून घेईल?

ताणलेल्या दोरीचे शास्त्र

यातून वाट काढली ती एका साध्या भौतिक सत्याने. अंगणात कपडे वाळत घालण्याची दोरी सैल असेल आणि तिला एका टोकाशी टिचकी मारली, तर लाट रेंगाळत दुसऱ्या टोकाला जाते. तीच दोरी ताठ ओढून बांधली, तर लाट क्षणात पोहोचते. मऊ यकृत आणि कडक यकृत यांत हाच फरक आहे. यकृताला बाहेरून हलका धक्का दिला आणि आत उमटलेली लाट किती वेगाने जाते हे मोजले, तर सुई न टोचता कडकपणा कळू शकतो. या लाटेला शास्त्रज्ञ 'शिअर वेव्ह' म्हणतात, आणि या मोजमापाच्या सर्व पद्धतींचे सामाईक नाव इलास्टोग्राफी. हा शब्द अमेरिकेतील जोनाथन ओफिर यांच्या १९९१च्या शोधनिबंधाने रूढ केला.

हे तत्त्व यकृतासाठी वापरात आणले पॅरिसमधील संशोधकांनी. तेथील मथियास फिंक यांच्या ध्वनिशास्त्राच्या प्रयोगशाळेतून पुढे आलेले लोराँ सँद्रँ यांनी सहकाऱ्यांसह घडवलेले 'फायब्रोस्कॅन' हे यंत्र २००३मध्ये युरोपात आले, आणि २०१३मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यास मान्यता दिली. आज आपल्याकडील मोठ्या शहरांत ही चाचणी परिचित झाली आहे.

प्रत्यक्ष चाचणी अगदी साधी आहे. रुग्णाने पाठीवर निजून उजवा हात डोक्यामागे न्यायचा. दोन बरगड्यांच्या मध्ये एक छोटी नळी टेकवली जाते. ती सेकंदाला पन्नास आवर्तनांच्या गतीचा एक हलका ठोका देते. टिचकी मारल्यासारखे वाटते, दुखत नाही. त्याच नळीतून निघणाऱ्या, कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी त्या लाटेचा पाठलाग करून तिचा वेग मोजतात. असे किमान दहा ठोके घेऊन मधले मूल्य काढले जाते. मोजला जाणारा भाग सुमारे एक सेंटिमीटर रुंद व चार सेंटिमीटर लांब असतो, म्हणजे बायॉप्सीच्या तुकड्याच्या शंभरपट. सारे दहा मिनिटांत आटोपते.

गणितही सोपे आहे. मीटर-सेकंदात मोजलेल्या वेगाचा वर्ग करून त्याला तीनने गुणले की कडकपणा किलोपास्कल या एककात मिळतो. वेग सेकंदाला १.३ मीटर असेल तर कडकपणा सुमारे ५, म्हणजे निरोगी. वेग २ मीटर असेल तर १२, म्हणजे चिंतेची बाब. वेग २.९ झाला की आकडा २५वर जातो आणि यकृतात शिरणाऱ्या रक्तवाहिनीतील दाब धोक्याच्या पातळीवर पोहोचल्याचा संशय बळावतो.

याच कुळातील आणखी दोन पद्धती आहेत. आधुनिक सोनोग्राफी यंत्रांत बाहेरून ठोका न देता ध्वनीच्या एकाग्र झोतानेच यकृतात लाट निर्माण केली जाते. पोटात पाणी झालेल्या रुग्णात फायब्रोस्कॅन निष्प्रभ ठरते, तेथे ही पद्धत उपयोगी पडते. दुसरी पद्धत एमआरआयची. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये राजा मुथुपिल्लई, रिचर्ड एहमन व सहकाऱ्यांनी तिचे तत्त्व १९९५मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडले. तिच्यात जवळजवळ संपूर्ण यकृताचा नकाशा मिळतो आणि स्थूल व्यक्तीतही ती अचूक ठरते. परंतु ती खर्चिक आहे. एक सूचना महत्त्वाची: एमआरआयचे आकडे आणि फायब्रोस्कॅनचे आकडे दोन्ही किलोपास्कलमध्येच असले तरी त्यांची मोजपट्टी वेगळी आहे. एमआरआयवर ३च्या आतला आकडा साधारण समाधानकारक असतो, तर ५ हा आकडा गंभीर ठरतो. त्यामुळे एका पद्धतीचा अहवाल दुसरीशी ताडून पाहू नये.

आकडा केव्हा फसवतो?

यंत्र आले म्हणजे वैद्याची गरज संपली असे समजणे घातक आहे. यंत्र व्रण मोजत नाही, कडकपणा मोजते, आणि कडकपणाची कारणे अनेक असतात. नुकतेच जेवण झाले असेल तर यकृतातील रक्तप्रवाह वाढून आकडा फुगतो. म्हणून चाचणीपूर्वी किमान तीन तास उपाशी राहावे. काविळीचा तीव्र हल्ला चालू असेल, पित्तमार्गात अडथळा असेल, हृदय दुर्बल होऊन यकृतात रक्त तुंबले असेल, किंवा आदल्या काळात मद्यपान झाले असेल, तरी आकडा खोटा चढतो. अशा प्रसंगी एका कागदावरून 'सिरोसिस'चा शिक्का मारून घेणे आणि घरभर शोककळा पसरवणे दोन्ही अयोग्य. काही आठवड्यांनी, मूळ कारण निवळल्यावर, चाचणी पुन्हा करावी.

तज्ज्ञांच्या 'बावेनो' या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०२१मध्ये लक्षात ठेवण्याजोगा पाचाचा पाढाच दिला. पाच म्हणजे निरोगी. दहाच्या आत, अन्य लक्षणे नसतील तर, प्रगत आजार बहुधा नाही. दहा ते पंधरा संशयास्पद. पंधराच्या वर प्रगत आजाराची दाट शक्यता. पंचवीसच्या पुढे गंभीर गुंतागुंतीचा धोका. कडकपणा वीसच्या आत आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील, तर अन्ननलिकेतील फुगलेल्या रक्तवाहिन्या शोधण्यासाठी दुर्बीण घालण्याचीही गरज बहुधा पडत नाही. एका वेदनारहित चाचणीने दोन क्लेशदायक चाचण्या टळतात, हे तिचे खरे योगदान.

आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. सोनोग्राफीच्या अहवालात 'फॅटी लिव्हर, ग्रेड दोन' असे लिहिलेले असते आणि कुटुंब घाबरते. तो ग्रेड चरबीचा असतो, व्रणांचा नव्हे. ग्रेड एक असलेल्याचे यकृत कडक असू शकते आणि ग्रेड तीन असलेल्याचे मऊ. फायब्रोस्कॅनच्या अहवालातही दोन आकडे असतात. डेसिबलमधला आकडा चरबीचा, किलोपास्कलमधला कडकपणाचा. आयुष्याची वाट ठरवतो तो दुसरा.

निर्व्यसनी घरातील रोग

यकृताचा आजार म्हणजे दारूड्याचा आजार, ही समजूत आपल्या समाजात खोल रुजली आहे. मद्य हे यकृताचे मोठे शत्रू आहे यात शंका नाही. परंतु या समजुतीचे दोन दुष्परिणाम होतात. निर्व्यसनी, शाकाहारी घरातील माणूस स्वतःला सुरक्षित समजून तपासणी टाळतो. आणि रोग निघालाच, तर कुटुंब तो लपवते. ज्याने आयुष्यात मद्याचा थेंब घेतला नाही त्याच्या चारित्र्याबद्दल कुजबूज होते. हा अन्याय आहे.

भारतीय शरीराची एक गोष्ट येथे लक्षात घ्यावी लागेल. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की, आपल्याकडचा माणूस दिसायला सडपातळ असला तरी त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण अधिक असते. २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारी उभे राहून काढलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचा वजन-उंचीचा निर्देशांक तंतोतंत समान, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागातील, २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही ८.७ टक्के लोकांच्या यकृतात मद्याशिवाय चरबी आढळली, आणि त्यांतील बहुसंख्य स्थूल नव्हते. तेव्हा 'मी कुठे जाड आहे?' हा युक्तिवाद आपल्याला परवडणारा नाही. मधुमेह, सुटलेले पोट, वाढलेले ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाब ही या आजाराची खरी दारे आहेत.

या संकटाची दखल शासनानेही घेतली आहे. फेब्रुवारी २०२१मध्ये तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांच्या पुढाकाराने चरबीयुक्त यकृताच्या आजाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात झाला आणि २०२४मध्ये त्यासाठी सुधारित मार्गदर्शक तत्त्वे आली. विषाणूजन्य काविळीसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २८ जुलै २०१८पासून चालू आहे, आणि त्यात तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात.

आधी कागद, मग यंत्र

आरोग्यशिबिरे भरवणाऱ्या कार्यकर्त्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. प्रत्येक गावात यंत्र नेणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. पहिली चाळणी कागदावर लावता येते. तिला 'फिब-फोर' म्हणतात. वय, प्लेटलेट आणि एसजीओटी व एसजीपीटी या दोन साध्या रक्तचाचण्या पुरेशा आहेत. वयाला एसजीओटीने गुणावे. प्लेटलेट हजारांत घेऊन त्यांना एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणावे. पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागावे.

उदाहरण घेऊ. वय ४५, एसजीओटी ३०, एसजीपीटी ३६, प्लेटलेट अडीच लाख. वर १३५०, खाली २५० गुणिले ६, म्हणजे १५००. उत्तर ०.९. हे १.३च्या आत आहे, म्हणून प्रगत व्रणांची शक्यता फार कमी. जीवनशैली सुधारावी आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा पाहावे. दुसरे उदाहरण: वय ५२, एसजीओटी ६४, एसजीपीटी ४९, प्लेटलेट एक लाख साठ हजार. वर ३३२८, खाली १६० गुणिले ७, म्हणजे ११२०. उत्तर जवळजवळ ३. हे २.६७च्या वर आहे, म्हणून या व्यक्तीला यकृततज्ज्ञाकडे पाठवलेच पाहिजे. मधल्या आकड्यांसाठी इलास्टोग्राफी करावी. चरबीयुक्त यकृत असलेल्यांत तिचा आकडा ८च्या आत आला तर बहुधा निर्धास्त राहावे आणि १२च्या वर गेला तर विलंब करू नये. वय ६५च्या पुढे असेल तर १.३ऐवजी २ ही खालची मर्यादा धरतात, आणि ३५च्या आतल्यांना हे गणित नीट लागू पडत नाही. प्रयोगशाळेचा जुना अहवाल बहुतेक घरांच्या कपाटात पडलेला असतो. त्यावरच हे गणित करता येते.

परतीची वाट

हे सारे मोजायचे कशासाठी? कारण व्रण मागे हटू शकतात. सिरोसिस म्हणजे परतीचा दोर कापलेला, ही धारणा आता टिकलेली नाही. हिपॅटायटिस 'बी'च्या रुग्णांना टेनोफोविर हे औषध पाच वर्षे दिल्यानंतर केलेल्या, २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुरुवातीला सिरोसिस असलेल्या ९६ जणांपैकी ७१ जणांच्या यकृतात तो उरला नव्हता. हिपॅटायटिस 'सी' तर काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुसंख्य रुग्णांत पूर्ण बरा होतो. क्यूबातील २०१५च्या अभ्यासात चरबीयुक्त यकृताच्या ज्या रुग्णांनी वर्षभरात आपले वजन दहा टक्के किंवा अधिक घटवले, त्यांच्यापैकी सुमारे ४५ टक्के जणांचे व्रण कमी झाले. त्यात कोणतेही महागडे औषध नव्हते. होते ते जेवण आणि चालणे. सत्तर किलोच्या माणसासाठी दहा टक्के म्हणजे सात किलो.

हे सात किलो कमी करण्याचे काम रुग्णालयात होत नाही, ते घरात होते. सकाळपासून प्रवासात असलेला कार्यकर्ता घरोघरी साखरेचा चहा नाकारू शकत नाही, दुपारचे जेवण चारला घेतो आणि रात्री दहाला पुन्हा पोटभर जेवतो. घरची गृहिणी उरलेले टाकवत नाही म्हणून खाते आणि स्वतःची तपासणी मुलांच्या परीक्षेनंतरवर ढकलते. पाहुण्याला बिनसाखरेचा चहा विचारणे हे कद्रूपणाचे नव्हे, आपुलकीचे लक्षण मानले जाऊ लागले, तर ती एक छोटी समाजसुधारणाच ठरेल. तशीच सुधारणा नवजात बाळाला जन्मानंतर चोवीस तासांत हिपॅटायटिस 'बी'ची लस मिळाली की नाही हे विचारण्याची. आणि तशीच, 'यकृतासाठी चांगले' म्हणून कोणी सांगितलेले काढे, चूर्णे व गोळ्या जाणकार वैद्याच्या सल्ल्याविना न घेण्याची. आयुर्वेदाचा आदर हा त्याच्या नावाने स्वतःवर प्रयोग करण्यात नसतो.

या क्षेत्रात देशापुढे एक आव्हानही आहे. ज्या तत्त्वावर हे यंत्र चालते ते एका ओळीच्या सूत्रात मावते. फ्रान्सने ते प्रथम घडवले, पुढे चीनने आपले यंत्र बनवले. तालुक्याच्या रुग्णालयाला परवडेल असे स्वदेशी यंत्र हे आपल्या तरुण अभियंत्यांचे ध्येय व्हायला हरकत नाही.

आपल्याकडील बहुतेक यकृत-प्रत्यारोपणे जिवंत दात्यांवर अवलंबून आहेत. यकृत पूर्ण निकामी झाल्यावर पत्नी, आई, मुलगी किंवा भाऊ शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपतो आणि आपल्या यकृताचा भाग देतो. या त्यागापुढे नतमस्तक व्हावेच लागते. पण ज्या त्यागाची वेळ दहा वर्षे आधी, उपाशीपोटी दिलेल्या दहा मिनिटांनी टळू शकली असती, तो घरच्यांकडून मागण्याचा अधिकार कोणालाही नाही. पुण्याच्या त्या मातांनी कारण कळताच दुधाचे भांडे बदलले आणि पुढची पिढी वाचवली. आज घरी गेल्यावर कपाटातील रक्ततपासणीचा कागद काढावा, वय लिहावे, आणि गुणाकाराला बसावे.